शाबूत काचा

५ डिसेंबर

भाऊजी,

सप्रेम नमस्कार. तुम्ही आणि घरची मंडळी खुशाल असाल. मीही ठीक आहे, उजवा गुडघा सोडला तर.

त्या दिवशी सकाळी मी आधी पाणी भरलं. मग चहा टाकला, अंथरुणं झटकून गॅलरीत वाळत घातली, ठकीच्या वेण्या घालायला बसले. तिची एक रिबन सापडेना, म्हणून घरभर शोधाशोध. हे दाढी करता करता मध्येच उठले, साबण लागलेल्या गालानेच स्टुलावर चढले आणि आमचा लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरवला. चौकटीचे मागचे खिळे पकडीने उपसले, काच बाहेर काढली, फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातली. मी म्हटलं, "सकाळी सकाळी हे काय काढलंत?" तर म्हणाले, "नवी आणतो. ही मला लागतेय." "तुम्हाला कशाला?" "आहे एक काम." फोटो तसाच उघडा परत टांगला, उरलेली अर्धी दाढी केली आणि गेले. ठकी एका रिबनीवर शाळेत गेली. दुसरी संध्याकाळी ह्यांच्याच खिशातून निघाली.

ती काही शेवटची सकाळ नव्हती. शेवटची त्याच्या पुढल्या आठवड्यात आली, पण ती मला नीट आठवत नाही. आठवते ती ही, रिबनीची.

हे तुम्हाला का लिहिलं कुणास ठाऊक. लिहायला बसले तर समोर फोटो आहे, अजून बिनकाचेचा. धुळीने माझा चेहरा पार उडालाय, ह्यांचा आहे तसा आहे. पहिल्यापासून तेच माझ्यापेक्षा उजळ.

बरं, कामाचं लिहिते.

तुम्ही पुन्हा आमच्याकडे पाहणीला आलात हे मला भाजीवालीकडून कळलं. आधी पूर, मग महिनाभरात जमिनीचे धक्के; कुणीतरी येणारच होतं, ते तुम्ही निघालात. घरी आला नाहीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मागे आलात तेव्हा मीच दार लावून घेतलं होतं. दरवर्षी पुस्तकं पाठवता, ती पोचतात. मी पोच देत नाही, हेही खरं. ती मी वाचनालयात देऊन टाकते आणि चार दिवसांनी तिथूनच आणून वाचते. तिथला माणूस मला अर्धवट समजतो. समजू दे. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून अक्षरं जुळवलेली बाई मी, मला पुस्तक कुठून आलं यापेक्षा त्यात काय आहे याच्याशी मतलब.

मी आता बायकांच्या रुग्णालयात कपड्यांची खोली सांभाळते. चादरी मोजून घ्यायच्या, फाटक्या शिवायच्या, कोपऱ्यात शाईने खूण करायची. खोली जिन्याखाली आहे. तुमच्या चष्मेवाल्या मदतनीसाने आमच्या दारावर पिवळी चिठ्ठी लावली: खाली वावरायला हरकत नाही, वरचा मजला बंद. जिन्याच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली आहे. तिच्यावर त्याने जागोजागी काचेच्या आडव्या पट्ट्या सिमेंटने चिकटवल्या आणि ओल्या सिमेंटवर खिळ्याने तारीख कोरली.

या पट्ट्या कशासाठी असतात ते मला तुम्हीच पाठवलेल्या पुस्तकातून कळलं होतं. इमारती का पडतात, ते त्यात होतं. भिंत जागची हलली नाही तर काच तशीच राहते. केसभर जरी हलली तरी काच तडकते, आणि मग पाहणारा समजतो की भेग अजून वाढतेय.

तर सोमवारी चादरी घेऊन जिन्यावरून चालले होते. वरची कपाटं अजून तिथेच आहेत, म्हणून मला जाऊ देतात. वळणावरची पट्टी मधोमध तडकलेली मी पाहिली. खात्री करायला बोट फिरवलं, तर बोट कापलं. गुरुवारी पाहिलं तर तीच पट्टी शाबूत! काचेची जखम भरून येत नाही. ती कुणी बदलली, एवढंच विचारायचं आहे. तुमच्या माणसांनी बदलली असेल तर तसं कळवा, माझी शंका मिटेल.

ठकीचे दिवस भरत आलेत. नाव इथेच घातलंय. म्हणून विचारते, एरवी विचारलं नसतं.

कळावे,
वहिनी


१६ डिसेंबर

भाऊजी,

नमस्कार. तुमचं उत्तर आलं. इतक्या वर्षांनी दिराने वहिनीला पत्र लिहिलं आणि ते पाच ओळींचं. इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. "काचा मी स्वतः पाहिल्या. सर्व शाबूत आहेत. आमच्यापैकी कुणीही बदललेल्या नाहीत. तिरप्या उजेडात कधी कधी तडा गेल्याचा भास होतो. काळजी नसावी."

भासाने बोट कापत नाही, भाऊजी.

तुमचं पत्र यायच्या आधीच मी एक उद्योग करून ठेवला होता. चादरींवर खुणा करायची शाई उकळत्या पाण्यानेही जात नाही. ती घेतली आणि प्रत्येक पट्टीच्या खालच्या कोपऱ्यात मोहरीएवढा ठिपका दिला. कुणाला दिसणार नाही, मला दिसेल. परवा पाहिलं. बाकी सगळ्यांना ठिपका आहे, वळणावरचीला नाही. म्हणजे ती पुन्हा बदलली. म्हणजे ती पुन्हा तडकली होती. सिमेंटवरची तारीख मात्र जुनीच, अक्षरही तसंच.

मग मी प्रत्येकाकडे संशयाने बघायला लागले. बघितलं की सगळेच चोरासारखे दिसतात. तुमचा चष्मेवाला येतो, काचांकडे नजर टाकतो, कागदावर टिकटिक करतो आणि पैलवानाकडचा चहा पिऊन जातो. पैलवान म्हणजे आमचा रखवालदार. नाव पैलवान, अंगावर मांस औषधालाही नाही. पूर्वी ह्यांच्या हाताखाली पंपघरात होता. तुम्ही बहुतेक त्याला पाहिलं असेल.

सगळ्यात जास्त संशय मला मोठ्या बाईंचा होता. मोठ्या बाई म्हणजे सगळ्या परिचारिकांच्या वरच्या. वरचा मजला उघडावा म्हणून त्या रोज तुमच्या कचेरीत फोन करतात. मी सरळ जाऊन विचारलं, "बाई, वळणावरची काच कुणी बदलली?"

त्या इंजेक्शनं मोजत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कसली काच?"

"भेगेवरची. ती तडकली होती."

"तू चादरी सांभाळ."

"चादरीच सांभाळते. पण भिंत पडली तर चादरी कुणावर घालायच्या?"

तेव्हा उठल्या. माझा दंड धरून व्हरांड्यात नेलं. तिथे काय आहे ते तुम्ही गाडीतून पाहिलं असेलच. खाटेला खाट चिकटलेली, मधून वाट नाही, ओल्या भिंतीला टेकून बाळंतिणी बसलेल्या. "ही बघ," म्हणाल्या, "हिला काल जमिनीवर कळा आल्या. वर बारा खाटा धूळ खातायत. तू मला काचा दाखवतेस? काच मी बदलायला लागले तर या बायकांची नाळ कोण कापणार, तू?"

बाई खोटं बोलत नव्हत्या हे मला कळलं, आणि त्याचाच राग आला. आता संशय कुणावर घ्यायचा?

घरी ठकीला सांगितलं. ती माहेरपणाला आली आहे, पोटावर ताटली ठेवून जेवते आणि हसते. ती म्हणाली, "आई, तुला काकाच दोषी हवाय. बाकी सगळे तोंडी लावायला."

"मी त्यांचं नाव तरी घेतलं का?"

"दहा वर्षं घेतलं नाहीस. तेच म्हणतेय मी."

पोरगी फटकळ आहे, आणि हा गुण तिने ह्यांच्याकडून नक्कीच घेतलेला नाही.

मग आता नाव घेतेच. पंपघराच्या भिंतीवरही तुम्ही अशाच काचा लावल्या होत्या. त्या वेळीही आधी पुराने पाया धुतला आणि मग धक्के बसले. काचा लावून तुम्ही आमच्याकडे चहाला आलात. हे कपातला चहा बशीत ओतत होते आणि तुम्ही त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणालात, "दादा, काचा तुझ्या ताब्यात. फुटल्या तर तू आहेस आणि मी आहे." हे हसले नाहीत. तुमचा शब्द त्यांनी कधी हसण्यावारी नेलाच नाही. धाकटा भाऊ शिकला, साहेब झाला, तो जे बोलेल ते त्यांना सरकारी हुकमासारखं. पुढच्या आठवड्यात तुम्ही पंपघराला हिरवी चिठ्ठी लावलीत, म्हणजे धोका नाही. त्यानंतर दोन दिवसांनी मागची भिंत आत पडली आणि ह्यांना बाहेर काढायला दुपार झाली.

चौकशी झाली. पाहणी नियमाप्रमाणे केली होती, असं छापून आलं. पण शेजारणीने मला सांगितलं होतं की त्या पाहणीच्या दिवशी भुरभुर पाऊस होता, साहेब गाडीतून उतरलेच नाहीत, गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून सही करून दिली. मी तुम्हाला दारातून परत पाठवलं ते त्यामुळे. कारण तेव्हा सांगितलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. विचारलं नाहीत म्हणजे खरं असणार, असं मी धरून चालले.

मी घरात आले तेव्हा तुम्ही चौथीत होता. मी तुम्हाला धाकट्या म्हणायची, तुमच्या पाटीला दगडी कोळसा घासून द्यायची, आणि तुम्ही शाळेतून आलात की तुमचंच पुस्तक चोरून वाचायची. त्या नात्याने एकदाच विचारते. पंपघराच्या काचा तुम्ही पाहिल्या होत्या का?

सोमवारी तुम्ही इथे हिरवी चिठ्ठी लावणार असं बाई म्हणतात. ठकीसाठी वरची खिडकीजवळची खाट ठेवली आहे. हे जिच्या वेण्यांची रिबन खिशात घालून हिंडले, ती त्या जिन्यावरून चढणार.

सोमवारच्या आत उत्तर द्या.

वहिनी


४ जानेवारी

धाकट्या,

तू आलास, त्यानंतरचं तुला माहीत आहे. त्याआधीचं माहीत नाही. जिन्यापाशी तू मला विचारलंस, "वहिनी, अजून काही आहे का?" आणि मी "नाही" म्हटलं. होतं.

शनिवारी दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी खोलीचं दार लोटून आत बसले होते, तुझं उत्तर नाही म्हणून मनात तुला नाही नाही ते बोलत. वर काहीतरी घासल्याचा आवाज आला. उसवलेल्या उशीचा अभ्रा हातात तसाच घेऊन वर गेले. वळणावर पैलवान उकिडवा बसला होता. बाजूला वाटीत कालवलेलं सिमेंट, मांडीवर काचेची पट्टी, तोंडात खिळा.

मला बघून तो दचकला नाही. उलट म्हणाला, "जरा बाजूनं, ताई. ओलं आहे."

"काय करतोस?"

"पुन्हा फुटली. कोण कार्टं दगड मारतंय, सापडत नाही."

मला वाटलं माझी थट्टा करतोय. "अरे, इथे आत दगड कोण मारणार?"

"मग भांडं आपटत असेल कुणाचं. बायका वरच्या नळावरून बादल्या भरून उतरतात, त्यांना म्हटलं सांभाळून, तर माझ्याच अंगावर येतात." तोंडातला खिळा काढून तो ओल्या सिमेंटवर तारीख कोरायला लागला. जुनीच तारीख, तुझ्या चष्मेवाल्यासारखे वळणदार आकडे काढत. जीभ बाहेर काढून, लहान मुलासारखी.

"हे तुला कुणी करायला सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? चष्मेवाले साहेब म्हणाले होते, काचांना धक्का लागता कामा नये, जबाबदारी तुझी. सरकारी वस्तू माझ्या ताब्यात देऊन गेले, ती फुटलेली दाखवू? भांडारातल्या तुटक्या खिडकीची काच आहे, कापून आणतो काचवाल्याकडून. रुग्णालयाचा एक पैसा लावला नाही, ताई, हवं तर विचारा." आणि मग अभिमानाने, "एवढ्या वेळा फुटली, पण साहेबांना एकदाही फुटकी दिसू दिली नाही."

मी खाली बसले, त्या पायरीवरच. मी चोर शोधत होते. आणि हा गृहस्थ नोकरी चोख करत होता!

त्याला समजावलं. काच फुटते ती भिंत सरकते म्हणून, आणि ती फुटावी म्हणूनच लावलेली असते. त्याला पटेना. "फुटावी म्हणून कोण काच लावतं?" म्हणाला. मग त्याचा हात घेऊन भेगेवर ठेवला. त्याने भेगेकडे वर पाहिलं, खाली पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं मी लिहीत नाही. वाटीतलं सिमेंट पार सुकून गेलं.

फुटलेले तुकडे त्याने टाकले नव्हते. अनवाणी बायका हिंडतात, कुणाच्या पायात जातील म्हणून बिस्किटाच्या डब्यात भरून ठेवले होते. तोच डबा घेऊन रविवारी सकाळी मी तुझ्या विश्रामगृहावर आले. तू बनियनवर होतास, हातात माझं दुसरं पत्र होतं. मी डबा टेबलावर उपडा केला. तू तुकडे बघितलेस, चप्पल घातलीस आणि गाडीची वाटही न बघता चालायला लागलास. तुझ्या मागे चालताना पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की हा माणूस गाडीतून सही करणारा नाही.

भिंतीचं प्लास्टर खरवडल्यावर त्या भेगेत तुझा पंजा मनगटापर्यंत आत गेला. मोठ्या बाई तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. तू लाल चिठ्ठी लावलीस, आणि संध्याकाळच्या आत अख्खं रुग्णालय शाळेत हललं. बाई अजून मला टोमणे मारतात, "तुझ्या एका काचेपायी माझ्या बायका बाकांवर बाळंत होतात." पण हे बोलताना माझ्या हातात स्वतःच्या हाताने चहा देतात. ठकी चौथीच्या वर्गात बाळंत झाली. मुलगी आहे. फळ्यावर भागाकार तसाच होता.

आता ते, जे मी सांगितलं नाही.

तू पैलवानाला विचारलंस, "तुला काच बदलायची अक्कल कुणी शिकवली?" तो माझ्याकडे बघायला लागला. मी डोळ्यांनी नको म्हटलं. मग तो म्हणाला, "कुणी नाही साहेब. माझीच." तू मान हलवलीस आणि पुढच्या कामाला लागलास.

त्याची नव्हती. आदल्या दिवशी पायरीवर बसून त्याने मला सांगितलं होतं. सुकलेली वाटी बाजूला सारून म्हणाला, "पण ताई, वस्तादांनी तर असंच केलं होतं." वस्ताद म्हणजे हे, पंपघरात त्यांना सगळे वस्तादच म्हणायचे. मागच्या भिंतीवरची काच तडकली होती. वस्तादांची झोप उडाली होती म्हणे. धाकट्याने विश्वासाने ताब्यात दिलेली वस्तू, तो पुन्हा येईल तेव्हा फुटकी कशी दाखवायची? काचवाल्याचं दुकान पुराच्या चिखलात बंद. मग एका सकाळी घरूनच काच घेऊन आले, फडक्यात गुंडाळून, आणि पंपाच्या ओट्यावर बसून तिच्या पट्ट्या कापल्या. पैलवानाने सिमेंट कालवून दिलं. "साहेब स्वतः येऊन बघून गेले," तो म्हणाला. "पावसात भिजत उभे होते. एकेका काचेवर हात फिरवला. म्हणाले, दादा, तुझ्यासारखं कुणी जपत नाही. वस्ताद दिवसभर खूश होते." मग भिंत पडली त्याबद्दल म्हणाला, "त्या दिवशी माझी सुट्टी होती. मला वाटलं धक्क्यानं पडली. काचा तर शाबूत होत्या."

शेजारीण खोटं बोलली, की तिने दुसऱ्या कुणाला पाहिलं, देव जाणे. ती आता या जगात नाही, म्हणजे भांडायचीही सोय नाही.

माझं दुसरं पत्र तुझ्या हातात होतं, आणि त्यात मी विचारलं होतं, पंपघराच्या काचा पाहिल्या होत्या का. तू उत्तर दिलं नाहीस. आता मला वाटतं की तू इतकी वर्षं स्वतःला हेच विचारत असशील, की एवढं नीट पाहूनही माझ्या नजरेतून काय सुटलं. पुस्तकं पाठवत होतास ती मला वाटायचं तोंड बंद ठेवायला. इमारती का पडतात त्याचं पुस्तक तू मला पाठवलंस, तेव्हा मी म्हटलं होतं, किती निलाजरा आहे हा. ते तू स्वतःसाठी घेतलेलं असणार. समासात पेन्सिलीच्या रेघा होत्या.

तुझ्या नजरेतून काही सुटलं नाही. तुझ्यापुढे आमच्या लग्नाच्या फोटोची काच होती. ती कशी तडकेल? ती त्या भिंतीवर आठवडाभराचीही नव्हती.

हे तुला सांगावं की नाही, यावर मी बरेच दिवस घोळ घातला. न सांगावं तर तू जन्मभर स्वतःला दोष देशील. सांगावं तर तुझं ते चहाचं वाक्य तुला आठवेल, आणि ते मी तुझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. मीही तिथेच कपबशा उचलत होते, मलाही ते गमतीचंच वाटलं होतं. इतके दिवस मी तुझ्यावर संशय घेतला. आता स्वतःवर येतो. हे मी तुझं ओझं उतरवायला लिहितेय, की माझ्या एकटीच्या डोक्यावर नको म्हणून तुझ्याही डोक्यावर ठेवतेय? बरेचदा तपासून पाहिलं. दोन्ही थोडं थोडं निघतं. पण दहा वर्षं तू मला न विचारता गप्प राहिलास आणि मी तुला न सांगता, आणि त्यातून काय झालं ते आपण पाहिलं. म्हणून लिहिलं.

पैलवानाला नोकरीवरून काढू नकोस. तो आता शाळेच्या दारात बसतो आणि तुझ्या माणसांनी कुठे काच लावली की चारदा विचारतो, "ही फुटली तर कुणाला सांगायचं?" तुझ्या मदतनीसांना सांग, लावताना हे आधी सांगत जा म्हणावं. भेगेबद्दल नंतर.

ह्यांच्यावर मी रागावले आहे, तेही सांगून टाकते. पहिल्यांदाच. मेलेल्या माणसावर रागावता येतं हे मला माहीत नव्हतं. जेवताना, चादरी घडी करताना मध्येच म्हणते, "अहो, एकदा विचारायचं तरी होतं त्याला." विचारलं असतं तर तुम्ही दोघे त्या भिंतीपासून लांब उभे राहून भांडला असतात, आणि मी चहा ठेवला असता.

ठकीची मुलगी तिच्यासारखीच फटकळ होणार. आतापासूनच कुणाचं ऐकून घेत नाही. ठकी म्हणते, काकाला बोलव, नाव तोच ठेवेल. मी म्हटलं, त्याला यायचं असेल तर दार उघडं आहे. कडी मी काढून ठेवलीय.

हे सगळं मी ठकीला परवा सांगितलं. ती रडली, मग बाळाला भूक लागली, मग ती रडायची थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरलं, चहा टाकला, अंथरुणं उन्हात घातली. मग स्टुलावर चढून फोटो उतरवला, ओल्या फडक्याने धूळ पुसली, काचवाल्याकडे जाऊन नवी काच बसवून घेतली आणि त्याच खिळ्याला परत लावला.

तुझी,
वहिनी